घरात मोठा कॅन्सर निघाला, तर उपचार ठरवताना काय बघायचं

माझ्या थोरल्या भावाला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. निदान होईपर्यंत तो यकृतात पसरलेला होता. दादा तेव्हा ६७ वर्षांचा होता, खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त होऊन नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहणारा. त्याचं सगळं आजारपण वहिनी, भाचा आणि मी मिळून काढलं. तेव्हापासून ओळखीतल्या घरांतून फोन येत असतात, "ताई, रिपोर्ट आलाय, आता कुठे जाऊ?" त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणतं औषध घ्यावं हे सांगणार नाही. ठरवायला बसताना समोर काय काय हवं आणि कोणाला काय विचारायचं, एवढंच सांगते.

आधी घाईबद्दल. बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की उद्याच केमो सुरू केली पाहिजे असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक गाठींच्या कॅन्सरमध्ये नीट विचार करण्यात आठ-दहा दिवस गेले तर बिघडत नाही. पण काही गोष्टी थांबत नाहीत. पाय अचानक लुळे पडणं, श्वास लागणं, रक्तस्राव, तापाबरोबर कावीळ, किंवा झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. म्हणून पहिल्या भेटीतच विचारा, "डॉक्टर, आमच्याकडे ठरवायला किती दिवस आहेत?" दादाला कावीळ झाली होती, गाठीने पित्तनलिका दाबली होती. केमोच्या आधी दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी छोटी नळी, टाकून कावीळ उतरवणं भागच होतं. तेवढ्या दिवसांत आम्ही कागद जमवले आणि दुसरं मत घेतलं.

कागद म्हणजे फक्त रिपोर्ट नव्हे. स्कॅनची सीडी घ्या, कारण दुसरे डॉक्टर चित्रं स्वतः बघतात. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड पॅथॉलॉजी लॅबमध्ये पडून असतात, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. लेखी अर्ज करा, मिळतात. आणि नमुन्यावर अजून कोणती जनुकीय चाचणी करायची राहिली आहे का, हे विचारा. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर किंवा एएलके हे बदल सापडले तर केमोऐवजी गोळ्यांवर उपचार होऊ शकतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू हे जनुक बघतात, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए. चाचणी महाग वाटली तर सरळ विचारायचं, "हिचा निकाल आला तर उपचार बदलणार आहे का?" हो म्हणाले तर निकालाची वाट बघण्यात अर्थ आहे.

दुसरं मत घेतलं तर आपले डॉक्टर दुखावतील, ही भीती पुण्यात फार दिसते. चांगला डॉक्टर दुखावत नाही, उलट संदर्भाचं पत्र लिहून देतो. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय १९४१ सालापासून आहे, दुसऱ्या मतासाठी तिथे जाता येतं. सिंहगड एक्स्प्रेसने दादरला उतरलं की तिथून ते जवळ पडतं. रुग्ण थकलेला असेल तर त्याला न नेता फाइल आणि सीडी घेऊन नातेवाइकाने जाता येईल का, हे आधी चौकशी करून ठरवा. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं, यांतल्या तज्ज्ञांचं मत घरबसल्या, कागद ऑनलाइन पाठवूनही मागता येतं. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ट्यूमर बोर्ड असतो, म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून एकेका रुग्णाचा विचार करतात. "आमची केस बोर्डापुढे ठेवाल का?" असं विचारायला अजिबात संकोच करू नका. मतं मात्र दोन, फार तर तीन घ्या, आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा. नाहीतर पाच ठिकाणची पाच उत्तरं घेऊन घरी भांडणं होतात, आणि रुग्ण आतल्या खोलीत ती ऐकत पडलेला असतो.

आता खरा मुद्दा. हा उपचार कशासाठी आहे? रोग मुळापासून बरा करण्यासाठी, रोग आवरून आयुष्य वाढवण्यासाठी, की त्रास कमी करण्यासाठी? हे डॉक्टरांच्या तोंडून स्पष्ट शब्दांत ऐका आणि वहीत लिहा. आपल्या घरांत कोणी हे विचारत नाही. "केमो चालू आहे" म्हटलं की "बरे होतील" असं धरून चालतात. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. २०१२ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेला कॅन्सर असलेल्या आणि केमो घेणाऱ्या रुग्णांपैकी फुफ्फुसाच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या ८१ टक्के जणांना, ही केमो रोग बरा करण्याची शक्यता नाही, हे उमगलेलं नव्हतं. हेतू कळला नाही, तर किती त्रास सोसायचा आणि किती पैसा घालायचा, यातलं काहीच ठरवता येत नाही.

मग आकडे. दादापुढे दोन रस्ते होते. एक फॉल्फिरिनॉक्स, चार औषधांची जोरकस केमो. ती दर चौदा दिवसांनी असते, आणि त्यातलं एक औषध छातीत बसवलेल्या पोर्टमधून (त्वचेखालची, शिरेला जोडलेली छोटी डबी) ४६ तास पंपाने जात राहतं. दुसरा रस्ता जेमसायटाबीन आणि सोबत आणखी एक औषध, आठवड्यातून एकदा असं तीन आठवडे आणि चौथा आठवडा सुट्टीचा. भाच्याने बंगळुरूहून वाचून काढलं होतं की २०११च्या फ्रान्समधल्या चाचणीत फॉल्फिरिनॉक्स घेणाऱ्यांचं आयुष्य ११.१ महिने आणि नुसतं जेमसायटाबीन घेणाऱ्यांचं ६.८ महिने होतं. त्याच्या मते विषय तिथेच संपला.

डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं. हे आकडे मध्यक आहेत. म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले आणि निम्मे कमी. दादा कोणत्या निम्म्यात असेल हे आज कोणीच सांगू शकत नाही. शिवाय त्या चाचणीत फक्त ७५ वर्षांपर्यंतचे आणि तब्येतीने धडधाकट, आपली कामं आपण करणारे रुग्ण घेतले होते. दिवसाचा अर्धा वेळ अंथरुणात जाणाऱ्या माणसाला तोच फायदा होईल असं धरता येत नाही, त्रास मात्र जास्त होतो. आणि ज्याच्याशी तुलना झाली ते नुसतं जेमसायटाबीन होतं, दादाला सुचवलेली जोडी नव्हे. तेव्हा कोणीही आकडा सांगितला की तीन गोष्टी विचारा. चाचणीतले रुग्ण आमच्या माणसासारखे होते का? तुलना कशाशी होती? आणि आमच्या बाबतीत सगळं चांगलं घडलं तर काय, वाईट घडलं तर काय, आणि तुम्हाला सर्वांत शक्य काय वाटतं? या शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर मनापासून उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. नुसतं "किती दिवस आहेत?" विचारलं की ते टाळतात, आणि त्यांचंही बरोबर असतं.

हे सगळं चाललेलं असताना रुग्णाला विचारलंय का? "बाबांना सांगू नका, खचतील," हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता मी तिथेच थांबवते. बाबांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. ज्याच्या नसेत सुई जाणार, त्याच्यामागे ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं. सगळं एकदम अंगावर टाकायचं नाही. आधी विचारायचं, "तुला किती माहिती हवी? सगळं ऐकायचंय की आम्ही ठरवू?" काही माणसं खरंच म्हणतात तुम्हीच बघा, तर तेही मानायचं. दादा वहिनीकडे बघून म्हणाला, "आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केलंय मी. काय असेल ते सरळ सांगा."

मग त्याला विचारलं, या काळात तुला काय जमायला हवंय? त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठेत जाऊन वारकऱ्यांचे पाय चेपायचे, हा त्याचा कित्येक वर्षांचा नेम होता, तो चुकवायचा नव्हता. आणि जिना स्वतः उतरता आला पाहिजे. त्याने हे डॉक्टरांपुढे जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "फॉल्फिरिनॉक्समधल्या एका औषधाने हातापायांना मुंग्या येतात, गार वस्तूला हात लावला तरी झिणझिण्या येतात, बोटांतली ताकद जाऊ शकते. दुसऱ्या रस्त्यातही मुंग्या येतात, पण तिथे डोस कमी-जास्त करायला मला जास्त वाव आहे." दादाने दुसरा रस्ता धरला, आणि सुट्टीचा आठवडा पालखीच्या दिवसांत येईल असं वेळापत्रक डॉक्टरांनी बसवून दिलं. दुसरं कोणी आपल्या वयाचा, तब्येतीचा विचार करून जोरकस केमो निवडेल आणि तेही योग्यच असेल. पण उपचार माणसाच्या हव्या-नकोशी ताडून ठरला पाहिजे.

नातेवाइकांसाठी एक नियम करा. डॉक्टरांशी बोलणारा एकच माणूस, आणि त्याने त्याच संध्याकाळी सगळ्यांना एकच निरोप पाठवायचा. साताऱ्याहून मामा काढा घेऊन आले, कोणीतरी लक्ष्मणफळाचा रस शंभर टक्के गुणकारी असल्याचा मेसेज पाठवला. त्यांची माया खोटी नसते. त्यांचा अपमान करायचा नाही, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय रुग्णाच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही. काही काढे, भस्मं यकृतावर ताण आणतात आणि मग केमोच पुढे ढकलावी लागते.

पैशाचं बोलणं लाजून मागे ठेवू नका. एका केमोचा खर्च विचारण्यापेक्षा पूर्ण उपचाराचा अंदाज लेखी मागा, त्यात स्कॅन, रक्ताच्या चाचण्या, पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं सगळं धरून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि आपला उपचार यादीत बसतो का, हे तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा रुग्णालयात बसणारा मदतनीस, सांगतो. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा. पुण्यातली कित्येक मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यासाची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. बिलाच्या खिडकीवर हे आपणहून कोणी सांगेलच असं नाही, म्हणून थेट समाजसेवा विभागात जा. घर किंवा दागिने विकायची वेळ येत असेल, तर हेतूचा प्रश्न पुन्हा एकदा विचारा, रुग्णासमोर.

वेदनाशामक उपचारांचं, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरचं, नाव काढलं की घरात रडारड होते, म्हणजे आता शेवटच असं समजतात. ही समजूत मोडली पाहिजे. बोस्टनमधला २०१०चा अभ्यास आहे. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचे दिवस जास्त सुखाचे गेले आणि ते जगलेही जास्त, ११.६ महिने विरुद्ध ८.९. पुण्यात वारजे इथे सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ सालापासून आहे, तिथे सेवा मोफत मिळते आणि घरचं माणूस रुग्णाबरोबर राहू शकतं. आम्ही केमो चालू असतानाच तिथे नाव घातलं. दादाची पाठदुखी तिथल्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्यांनी आटोक्यात आणली. मॉर्फिनची सवय लागेल म्हणून वहिनी अर्धीच गोळी देऊ बघत होती. नर्सबाईंनी तिला शेजारी बसवून समजावलं की दुखण्यासाठी ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या औषधाने माणूस सहसा व्यसनी होत नाही, गोळी घड्याळ बघून पूर्ण द्यायची, आणि बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचं. जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलही तिथेच समजल्या. त्या कॅप्सूलनी दादाचे तेलकट जुलाब थांबले आणि तो पुन्हा वरणभात जेवू लागला.

केमो निवडलीत तर फ्रिजवर एक कागद चिकटवा: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच रुग्णालयात जायचं. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेततो.

व्हेंटिलेटर, आयसीयू यांबद्दल रुग्ण शुद्धीत आणि शांत असताना बोलून घ्या. शेवटच्या अवस्थेत असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारं इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलं आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं की चालतं. दादाने ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

आणि उपचार सुरू करायच्या आधीच, कधी थांबायचं ते ठरवा. साधारण दोन महिन्यांनी स्कॅन होतो. गाठ वाढली तर? सलग अंथरुणात राहावं लागलं तर? दादाच्या वहीत लिहिलेलं होतं, "स्कॅनमध्ये वाढ दिसली आणि जिना उतरता येत नसेल तर पुढची केमो नको." पहिल्या स्कॅनमध्ये यकृतातले डाग होते तेवढेच होते, केमो चालू ठेवली, पालखीही झाली. पुढच्या स्कॅनमध्ये वाढ दिसली. डॉक्टरांनी दुसऱ्या फळीचं औषध सुचवलं. आम्ही तेच प्रश्न विचारले, हेतू काय, शक्यता काय, त्रास काय. दादाने उत्तरं ऐकली, वही उघडली आणि नको म्हणाला. भाच्याला ते फार जड गेलं, पण वाक्य बापाच्याच अक्षरात होतं, त्यामुळे वाद झाला नाही.

थांबायचं ठरेल त्याच भेटीत डॉक्टरांकडून हे लेखी घ्या: रात्री दुखणं वाढलं तर कोणतं औषध किती द्यायचं, धाप लागली किंवा उलट्या थांबेनात तर काय द्यायचं, फोन कोणाला करायचा, आणि वारज्याच्या किंवा घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह टीमसाठी पत्र. मॉर्फिनची चिठ्ठी संपायच्या आधी चार दिवस नवीन करून आणा, कारण प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही.