समुद्राकडे पाठ करून

किनाऱ्यावरच्या शहरात संध्याकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडलेला माणूस बहुधा लाटांकडे तोंड करून उभा राहतो आणि हजारो लोकांनी आधीच टिपलेला सूर्यास्त घेऊन घरी परततो. रस्त्यावरचे छायाचित्रण करायचे असेल, तर समुद्राकडे पाठ करावी, हा माझा पहिला सल्ला. पाण्यावरून येणाऱ्या उन्हाच्या वाटेत काहीच आडवे येत नसल्यामुळे ते अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत शहरात शिरत राहते आणि ज्या भिंतींवर, खिडक्यांवर, चेहऱ्यांवर ते पडते, ते सारे सूर्याकडे पाहणाऱ्याच्या पाठीमागे असते. किनारा पूर्वेला असेल, तर हेच सकाळी घडते.

समुद्राला काटकोनात मिळणारे रस्ते आधी हेरून ठेवावेत. सूर्याची मावळण्याची जागा ऋतूनुसार सरकत असल्याने एका महिन्यात उजळून निघणारी गल्ली दोन महिन्यांनी सावलीत असू शकते. म्हणून हेरलेल्या जागा पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात. उन्हाची तिरीप पडलेला एखादा तुकडा सापडला की तिथेच थांबावे. माणसाच्या मागे धावण्यापेक्षा प्रकाशापाशी उभे राहून माणसाची वाट पाहणे अधिक फळते. सूर्य क्षितिजापासून सुमारे १० अंशांवर असताना माणसाची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाच पट लांब पडते, त्यामुळे कोपऱ्यावरून माणूस येण्याआधी त्याची सावली चौकटीत शिरते. बोट शटरवर ठेवायचे ते त्या वेळी.

फोकसची तयारीही तोवर झालेली असावी. पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी भिंग, अ‍ॅपर्चर (भिंगातून प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ ८ आणि फोकस ३ मीटरवर पक्का केला, की साधारण २ ते ७ मीटरमधले सारे पुरेसे स्पष्ट येते आणि ऐन क्षणी कॅमेऱ्याला फोकस शोधत बसावे लागत नाही. चालणाऱ्या माणसासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवावा आणि प्रकाश कमी पडू लागला की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, न कचरता वाढवावा; थोडे दाणेदार चित्र चालते, हललेला चेहरा सहसा चालत नाही.

खरी फसगत एक्स्पोजरमध्ये, म्हणजे चित्रासाठी किती उजेड घ्यायचा हे ठरवण्यात, होते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे चौकटीत काळोखी सावली जास्त असेल तर तो उन्हातला चेहरा पांढराफटक करून टाकतो. अशा वेळी उन्हातल्या भागावरच मोजणी घ्यावी किंवा एक्स्पोजर एका पायरीने (म्हणजे उजेड निम्म्यावर आणून) कमी करावे आणि सावल्या काळ्या पडू द्याव्यात. दमट हवेने सारे दुधाळ दिसत असेल, तर याच्या उलट, म्हणजे अर्ध्या ते एका पायरीने वाढवावे. अशा धूसर हवेत मागच्या इमारती फिकट होत जातात आणि गर्दीतला एकटा माणूस आपोआप वेगळा दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार चित्राच्या रंगांचा तोल साधणारी सोय, ऑटोवर ठेवल्यास संध्याकाळचा पिवळेपणा कॅमेरा दोष समजून धुऊन काढतो, म्हणून मी तो डेलाइटवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या सुमारे ५५०० केल्विन या रंगतापमानावर, कायम ठेवतो.

ओहोटीची वेळ पाहून निघावे. पाणी मागे सरल्यावर ओली वाळू काही क्षण आरशासारखी राहते, आणि तिच्यावरून चालणाऱ्यांची प्रतिबिंबे कॅमेरा गुडघ्याच्या खाली नेल्यास पूर्ण मिळतात. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे ती सूर्यास्ताच्या वेळी येण्याचा योग बहुतेक किनाऱ्यांवर साधारण पंधरवड्याने जुळतो.

सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नये. दिव्यांचा आणि आकाशाचा उजेड थोडा वेळ एकमेकांच्या बरोबरीला येतो, तेव्हा आकाश निळे राहते आणि दुकानाच्या दारातला माणूस पिवळ्या उजेडात दिसतो. उष्ण कटिबंधात हा वेळ फारच थोडा असतो.

एकदा मी वातानुकूलित खोलीतून थेट किनाऱ्यावर आलो आणि उत्तम ऊन भिंगावरचे दव पुसण्यातच गेले. पुसावे तितक्या वेळा ते पुन्हा जमत होते. तेव्हापासून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू देतो. परतल्यावर भिंगावरचे खारे कण आधी फुंकणीने उडवावेत, मगच भिंगाच्या द्रवाने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसावे. सदऱ्याच्या टोकाने घाईत पुसले, तर तेच कण भिंगावर ओरखडे उठवतात.