गोठा असलेल्या घरातली नाताळची तयारी, पण आधी मार्चचं पान

चांदणी, करंज्या, नवे कपडे, घराला रंग हे सगळं तुम्हाला माहितीये, ते मी सांगत बसणार नाही. ज्यांच्या घरामागं गोठा आहे आणि नाताळही आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पहिलं काम वाचता वाचताच करा. उठा, भिंतीवरचं कॅलेंडर मागं पलटा आणि मार्चचं पान काढा. त्यावर कुठली गाय कोणत्या तारखेला भरवली, म्हणजे गाभण राहायला सिमेन दिलं, ते लिहिलेलं असेल. नसेल लिहिलेलं तर सिमेन भरणाऱ्याला फोन करा, त्याच्या वहीत असतं. १० ते ३० मार्चच्या दरम्यान एखादी भरवलेली असेल तर ती तुमच्या नाताळात विणार. २८० दिवस धरायचे, पाच-दहा दिवस इकडंतिकडं. मार्चच्या तारखेत नऊ महिने मिळवा आणि वर पाच दिवस, एवढं सोपं आहे. आणि एवढं सोपं असून आम्ही गेल्या वर्षी माती खाल्ली.

आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचा नगर जिल्हा. घरात सात दुभत्या, दोन भाकड, तीन कालवडी, सगळ्या एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन या विदेशी जातीच्या संकरित. आमच्या मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, सगळा हिशोब सणावर चालतो. सोनी कधी भरवली? तर "ईस्टरच्या टायमाला." आता ईस्टर म्हटलं की आपल्या डोक्यात एप्रिल असतो, मग एप्रिलचा मध्य धरून नऊ महिने, म्हणजे सोनी जानेवारीत संक्रांतीनंतर विणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. पण २०२४ मध्ये ईस्टर आला होता ३१ मार्चला. सोनी भरवली होती झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, दोन दिवस आधी, २२ मार्चला. कॅलेंडरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं हो. पान उलटून गेलं की कोण मागं बघतंय. नऊ महिने ते पान बाकीच्या पानांच्या मागं लटकत होतं आणि आम्ही त्याच कॅलेंडरच्या डिसेंबरवर दुधाचे आकडे लिहीत होतो.

मग एकातून एक चुकत गेलं. विण्याआधी साठ दिवस गाय आटवायची असते, म्हणजे तिची धार काढणं बंद करायचं असतं, आम्ही आटवली नोव्हेंबरच्या वीस तारखेला, म्हणजे तिला विश्रांती मिळाली जेमतेम महिनाभर. डिसेंबरात आमच्याकडं ऊसतोड जोरात असते आणि वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात मिळतं, म्हणून भाकड गाईंना नुसतं वाढं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. आणि वर आम्ही हुशारी म्हणून तिला कॅल्शियमची बाटली पाजत होतो. तेही उलटं. विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत बाहेरून भरपूर कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडातून काढायची सवयच विसरतं, आणि व्याल्यावर चिकात एकदम कॅल्शियम निघून जातं तेव्हा गाय बसते. त्याला दुग्धज्वर म्हणतात. ज्वर म्हणतात पण अंग तापत नाही, उलट कान गार पडतात. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या, जास्त दुधाच्या गाईला जास्त होतो. सोनी चौथ्या वेताची आणि चोवीस लिटरची.

२४ तारखेला संध्याकाळी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "सोनीनं कास केलीये गं, विणार वाटतं, बघ जरा." मी हो म्हटलं आणि पोरांच्या कपड्यांना इस्त्री करत बसले, कारण डोक्यात जानेवारी! साडेदहाला सगळे मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला. पावणेदोनला परत आलो तर गोठ्यात सोनी बसलेली, मान पोटाकडं वळवलेली, नाक कोरडं, आणि शेणाच्या मोरीपाशी कालवड ओली, थंडीत. नगरची डिसेंबरची थंडी ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. डॉक्टर तिसऱ्या फोनला लागले, साडेतीनला आले, शिरेतून कॅल्शियम सोडलं, हळूहळू, अर्धा तास गेला त्यात. आणि मी गोणपाटाचा टेकू देऊन नव्या साडीत गाय धरून बसले. सोनी उठली. पण त्या वेतात पंधरा लिटरच्या वर गेली नाही. कालवड तिसऱ्या दिवशी गेली. म्हणून म्हणते, मार्चचं पान.

बरं, पानावर तारीख सापडली आणि गाय नाताळात विणारी निघाली, तर काय काय करायचं ते सांगते. वाढं कमी करा, कडवळ (ज्वारीचा हिरवा चारा) किंवा मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) द्या, आणि ती पाजायची बाटली आत्ता बंद ठेवून व्याल्यावर कधी सुरू करायची ते तुमच्या डॉक्टरलाच विचारा, माझ्यावर जाऊ नका. शिरेतून द्यायच्या कॅल्शियमच्या दोन बाटल्या आधीच घरात आणून ठेवा, कारण २५ ला सरकारी सुट्टी, दवाखाना बंद, आणि औषधाचं दुकान पहाटे कोण उघडतंय. पण ती स्वतः टोचू नका हं, भसकन गेली तर हृदय बंद पडतं. बाटली घरात असली की रात्री आलेल्या डॉक्टरचा अर्धा तास वाचतो एवढंच. डॉक्टरला २० तारखेलाच फोन करून सांगा की आमची अमुक गाय अमुक तारखेला आहे, तुम्ही गावात आहात ना, नसाल तर कोण आहे. जनावरांच्या सरकारी फिरत्या दवाखान्याचा १९६२ नंबरही पाठ ठेवा पण त्याच्या भरवशावर रात्र काढू नका. आणि २४ च्या रात्री घरी एक माणूस थांबणार. आधीच ठरवा. आमच्यात यंदा मी संध्याकाळच्या मिस्साला जाणार आणि हे मध्यरात्रीच्या, आमची भांडणं झाली पण ठरलंय. दर दोन तासांनी बॅटरी मारून यायचं. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले आणि सड तटतटले की समजा त्या रात्रीचंच आहे.

व्याल्यावर पहिल्या तासात वासराला दोन लिटर तरी चीक, मग खरवसाचा विचार. खरवस माझाही आवडता आहे, पण पाहुण्यांना खरवस आणि वासराला उरलंसुरलं असं करणारी घरं मी पाहिलीत. पहिल्या दिवशी कास पूर्ण मोकळी पिळायची नाही, खास करून वयस्कर गाईची. आणि वार, म्हणजे वासरामागून पडणारी झिल्ली, बारा तासांत पडली नाही तर ओढायची नाही, डॉक्टरला बोलवायचं.

आता बाकीचं. पैसे. आमच्याकडं दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो, ११ ते २० तारखेच्या पगारावर नाताळ होतो आणि तो हातात पडेपर्यंत २३-२४ उजाडते, म्हणून कपडे आणि पेंड दोन्हीची उधारी एकाच दुकानदाराकडं ठेवू नका, लाज वाटते. पेंडीची दोन पोती जास्त आणून टाका.

तूप. नानकटाईला आणि करंजीच्या मोहनाला घरचंच तूप पाहिजे असा आत्याबाईंचा हट्ट, बरोबर आहे, पण हे देशी गाईचं किंवा म्हशीचं दूध नाही. साडेतीन फॅटच्या पंचवीस लिटर दुधातली सगळी सायही काढली तरी किलोभर तूप होत नाही, घरच्या चुलीवर पाऊण किलो आलं तर नशीब. त्यामुळं साय साठवायला १ डिसेंबरला सुरू करा, २० ला नाही. आणि डेअरीच्या दुधातून वरची साय काढून बाकीचं घालायचा विचार मनातसुद्धा आणू नका, फॅट लागली नाही की दर पडतो आणि सेंटरवर चार लोकांत ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. घरासाठी वेगळी बादली ठेवा. नानकटाई बेकरीत भाजायला न्यायची तर दुपारी न्या, धारेच्या वेळेला रांगेत अडकू नका. केक तर सरळ ऑर्डर द्या, सगळं घरीच केलं पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाहीये.

दिव्यांच्या माळा. घरावर लावा, झाडाला लावा, गोठ्याच्या लोखंडी पाइपाला गुंडाळू नका. गाईला करंट माणसापेक्षा लवकर लागतो, आपल्याला नुसतं झिणझिणणारं तिला सहन होत नाही, ती पाणी प्यायला जात नाही आणि दूध कमी का झालं म्हणून आपण पेंड बदलत बसतो. वायरी जिभेच्या टप्प्यात तर नकोच. चांदणी गोठ्यावर लावायची हौस आमच्या पोरांना आहे, लावली, पण बांबूवर, उंच.

कॅरलवाले. ढोलकी, पेटी, खंजिरी घेऊन रात्री अकरालाही येतात, यावंच, त्याशिवाय नाताळ वाटत नाही. पण अंगणातच. गाय दचकली की पान्हा सोडत नाही आणि सकाळची धार हलकी लागते. शिवाय ही पोरं एका रात्रीत दहा घरं फिरतात, दहापैकी सहा घरी गोठा, लाळ्या-खुरकुताची साथ असेल तर बुटाला लागून इथं येतो. गोठ्याच्या दाराशी चुन्याची पट्टी मारा आणि गोठ्यात कुणालाच नाही म्हणा, सांताक्लॉजलासुद्धा.

पुण्या-मुंबईचे पाहुणे. प्रेमानं येतात, गाईला प्रेमानं खाऊ घालतात. बिर्याणीचा भात, पोळ्या, केकचा तुकडा, सगळं एकदम गव्हाणीत. एका गाईनं घमेलंभर शिळा भात खाल्ला की पोटात आम्ल होतं, ती चारा सोडते, वेळेवर इलाज नाही झाला तर जातेसुद्धा. उरलेलं अन्न झाकून स्वयंपाकघरातच ठेवा, गोठ्याकडं जाणारी बादली कुणाच्या हातात द्यायची नाही. थर्माकोलच्या ताटल्या पण लगेच गोळा करा.

पोरं कडब्याची गव्हाणी करतात बाळ येशूसाठी, करू द्या, दोन पेंढ्या द्या. मागच्या रविवारी आमच्या धाकट्यानं विचारलं की येशूच्या गोठ्यात गाय कुठली होती, जर्सी का एचएफ. मी शुभवर्तमान काढून बघितलं, लूकनं गव्हाणी लिहिलीये, गाय-बैल काहीच लिहिलेलं नाही! जिवंत बैल आणि गाढव उभं करून देखावा केला तो फ्रान्सिस संतांनी १२२३ मध्ये, इटलीत ग्रेच्चो गावात. पोरगं म्हणालं, मग आपण रोझी नेऊया चर्चमध्ये. रोझी भरवलीये १८ मार्चला. मोजा. २३ डिसेंबर. कुठंही न्यायची नाही तिला.

म्हणजे परत तेच, मार्चचं पान बघितलंत का अजून? नसेल तर उठा, मी थांबते.

धारेचं. २५ ला पहाटे पाचची धार चुकत नाही, चार गाई तरी सण कळत नाही म्हणून हंबरतात. मध्यरात्री जागलेला माणूस पहाटे धारेला नको, झोपेत सड नीट पुसले जात नाहीत आणि मग २८ ला कासदाह घेऊन बसा. गड्याला सुट्टी द्यायची असेल तर बदली माणूस आठवडाभर आधी बघा, आणि एकदोन दिवस आधीपासून त्याला गोठ्यात येऊ द्या, गाई नवीन हाताला लाथा मारतात. लाइटचा भरवसा नाही, मशीन बंद पडलं तर हातानं काढायला कोण येतं ते विचारून ठेवा. सेंटर २५ ला संध्याकाळी किती वाजेपर्यंत दूध घेणार तेही विचारा, लवकर बंद झालं तर कॅन घरी पडून राहतात.

२६ ते ३१ चं काय सांगू. कंटाळा आलेला असतो. वासरांना गोणपाट पांघरा, शेण तुंबू देऊ नका, फराळ संपवा, ३१ च्या रात्री पुन्हा चर्च, पुन्हा एक माणूस घरी. झालं.

फक्त एक. १ जानेवारीला नवीन कॅलेंडर लावताना जुनं रद्दीत टाकू नका. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत भरवलेल्या सगळ्या गाईंच्या तारखा जुन्यावर आहेत, त्या पुढच्या वर्षात विणार. आधी विण्याच्या तारखा मोजून नव्या कॅलेंडरवर त्या त्या महिन्यात लाल पेनानं लिहा आणि साठ दिवस मागं जाऊन "आटवा" असं पण लिहा. मी आमच्या भिंतीवर दोन खिळे ठोकलेत, जुनं आणि नवं शेजारी शेजारी.

२०२६ चा ईस्टर ५ एप्रिलचा, बघून ठेवलंय. परवा मामा चहा पिताना म्हणाले, "राणी कधी भरवायची, ईस्टरच्या टायमाला बघू." मी म्हटलं मामा, तारीख सांगा.