स्टार खेळाडू आला, आता संघ जिंकणार? अंदाज बांधताना या चुका टाळा

फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला आणि बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिस घेतला. आदल्याच वर्षी संघाला लीगच्या अंतिम फेरीत नेणारा पंचविशीतला खेळाडू कुणी सोडतं का, यावर कितीतरी चाहत्यांचा विश्वास बसेना. लगेच अंदाज सुरू झाले: लेकर्स आता विजेते, डॅलस संपलं. मोठा ट्रेड, म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, झाला की असे निकाल एका रात्रीत लागतात आणि बहुतेक त्याच त्या जागी फसतात.

कोण आलं ते पाहणं, काय गेलं ते विसरणं

ही सर्वांत मोठी चूक. डेव्हिस गेला तेव्हा लेकर्सचा रिंगखालचा पहारेकरीच गेला. ती जागा भरायला त्यांनी शार्लटच्या मार्क विल्यम्सचा सौदा केला, पण वैद्यकीय तपासणीनंतर तो रद्द झाला. साखळीत ५० विजय, ३२ पराभव आणि पश्चिम विभागात तिसरं स्थान मिळाल्यावर ही पोकळी कुणाला फारशी टोचली नाही. साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, म्हणजे प्लेऑफच्या, पहिल्याच फेरीत मिनेसोटाने मात्र त्यांना ४-१ ने घरी पाठवलं. चौथ्या सामन्याच्या उत्तरार्धात प्रशिक्षक जेजे रेडिक यांनी एकही बदली केली नाही, तेच पाच जण शेवटपर्यंत धावत राहिले. विश्वासाने उतरवावा असा उंच खेळाडू बाकावर नव्हताच. पाचव्या सामन्यात मिनेसोटाचे तीन गुणांचे ४७ पैकी फक्त ७ फटके बसले, तरी तेच जिंकले, कारण रुडी गोबेरने आत उभं राहून २७ गुण आणि २४ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यांचे पकडलेले चेंडू) काढले.

म्हणून ट्रेड झाला की प्लेऑफमध्ये खरोखर खेळतील अशा आठ जणांची नावं कागदावर लिहा. चेंडू कोण आणणार, समोरच्या सर्वांत धोकादायक खेळाडूला कोण अडवणार, रिंग कोण राखणार, हे प्रत्येकाच्या पुढे मांडा. जिथे नाव सुचत नाही, तिथेच संघ फुटतो. माझ्या मते डॉन्चिचला घेणं हा लेकर्ससाठी तरीही उत्तम निर्णय होता. फक्त ‘पुढची सात-आठ वर्षं’ आणि ‘याच वर्षीचा मे महिना’ (म्हणजे प्लेऑफ) हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत.

पहिल्या हंगामावर शिक्का मारणं

२०२२ मध्ये याच गोबेरसाठी मिनेसोटाने पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीचे चार पिक मोजले. पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडण्याचा हक्क. पहिल्या वर्षी ४२ विजय, ४० पराभव (४२-४०) अशी कामगिरी झाल्यावर या ट्रेडवर सडकून टीका झाली. त्या हंगामात कार्ल-अँथनी टाउन्स दुखापतीमुळे जेमतेम २९ सामने खेळला होता, म्हणजे दोन उंच खेळाडूंची जोडी नीट जमायला वेळच मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी ५६ विजय, लीगमधला सर्वोत्तम बचाव आणि पश्चिम विभागाची अंतिम फेरी! जोडी किती सामने एकत्र खेळली हे आधी बघा, विजय-पराभव नंतर.

पगाराचं गणित सोडून देणं

फिनिक्सने फेब्रुवारी २०२३ मध्ये केविन ड्युरंटसाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे चार पिक दिले. त्याच उन्हाळ्यात ब्रॅडली बीलही आला, करारात ट्रेड नाकारण्याचा हक्क घेऊन. ड्युरंट, आधीपासून संघात असलेला बुकर आणि बील ही तीन नावं कागदावर जबरदस्त दिसत होती. पण लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या नव्या करारानुसार ज्या संघाचा पगारखर्च ‘सेकंड एप्रन’ या वरच्या मर्यादेपलीकडे जातो, त्याला दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. चूक उमगली तरी दुरुस्तीची दारं जवळपास बंद! २०२४ मध्ये प्लेऑफच्या पहिल्या फेरीत ४-० असा पराभव आणि पुढच्या वर्षी ३६-४६. प्लेऑफसुद्धा नाही.

‘पिक तर दिले, त्यात काय’

२०१९ मध्ये क्लिपर्सने पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटीला तरुण शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीचे पाच पिक दिले, पिकच्या अदलाबदलीचे हक्क वेगळेच. त्यातल्याच एका पिकवर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी विजेते झाले, शे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जॉर्ज मात्र २०२४ मध्येच करार संपवून फिलाडेल्फियाला गेला होता आणि क्लिपर्सला बदल्यात काहीच मिळालं नव्हतं. उलट उदाहरणही आहे. टोरांटोने कवाय लेनर्डला आणलं, तो एकच हंगाम थांबला, पण २०१९ चं विजेतेपद देऊन गेला. तिथला कुठला चाहता तो सौदा परत करेल?

नशीब आणि निर्णय यांची सरमिसळ

डॅलसकडे पुन्हा वळू. मार्चमध्ये कायरी अर्विंगच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, ते दुर्दैव. डेव्हिसचं तसं म्हणता येणार नाही. तिशी ओलांडलेला हा खेळाडू ट्रेडच्या वेळीच पोटाच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर बसला होता आणि डॅलससाठी पहिल्याच सामन्यात पुन्हा जायबंदी झाला. ही जोखीम डोळ्यांसमोर होती, तिची जबाबदारी निर्णय घेणाऱ्यांवरच येते. संघ ३९-४३ वर थांबला. मग अवघी १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टमधला निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. त्यावरून ‘बघा, ट्रेड फळला’ म्हणणारेही निघाले. फ्लॅग सोडतीतून आला. डॉन्चिचच्या बदल्यात आले ते डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एक पिक, आणि ट्रेडचा हिशेब तेवढ्यावरच करायचा.