ऊसतोडीच्या गावात बायकांसाठी फुकट फिल्म वर्कशॉप घ्यायचंय? मग हे वाचा

आधी कॅलेंडर बघा. दसरा-दिवाळीच्या आसपास बीड, पाथर्डी, आष्टी भागातल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जायला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येतात, म्हणजे हिवाळ्यात वर्कशॉप ठेवलं तर गावात फक्त म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं भेटतील. मे-जून बरा. आणि दिवसभराचं शिबिर ठेवू नका, बायकांची मजुरी बुडते, संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर दोन तास ठेवा.

फुकट म्हणजे नुसती फी नाही एवढंच नसतं. येण्याजाण्याचं भाडं, चहा-नाश्ता, लहान पोरांना सांभाळायला कुणीतरी, मोबाइलचा डेटा, हे सगळं तुमच्या बजेटमध्ये पाहिजे, नाहीतर ज्यांच्यासाठी करताय त्याच येणार नाहीत आणि सरपंचाच्या घरातली पोरं सर्टिफिकेट घेऊन जातील.

लिहिता-वाचता येत नाही म्हणून कुणाला बाजूला काढू नका. १९८४ साली अहमदाबादला 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या बायकांना अमेरिकन व्हिडिओ निर्मात्या मार्था स्टुअर्ट यांनी व्हिडिओ शिकवला, त्यात अक्षर न येणाऱ्या बायकाही होत्या आणि कॅमेरे त्या काळातले जड. तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका फिल्म बनवतात, डोळ्याच्या उंचीवरून घेतलेल्या शॉटला त्या संघम शॉट म्हणतात, कारण संघमात, म्हणजे त्यांच्या बायकांच्या गटात, सगळ्या एका पातळीवर बसतात. कॅमेरा कुठे धरायचा हे मी तरी असंच शिकवते, समोरची खाली बसली असेल तर तुम्हीपण खाली बसा.

पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा काढूच नका. गोल करून बसा. "तुमचं दुःख सांगा" असं कधीच विचारू नका. या भागात बाहेरचे कॅमेरे कमी आलेले नाहीत, २०१९ ला ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याची बातमी देशभर गाजली तेव्हा लोक आले, बाईट घेतले, गेले, आणि ज्या बायका बोलल्या त्यांना पुढे ते कुठे दाखवलं हेसुद्धा कळलं नाही. त्यामुळे एखाद्या वस्तूपासून सुरू करा, कोयता, कोपीतली (फडावरच्या झोपडीतली) चूल, मुकादमाकडून म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून पहिली उचल (आगाऊ रक्कम) घेतली त्या पैशाचं काय आणलं. गोष्ट आपोआप येते, आणि किती खोल जायचं हे सांगणारी ठरवते. मध्ये कुणी सल्ला द्यायचा नाही, "तू असं करायला पाहिजे होतं" हे तर अजिबात नाही, आणि गोलात बोललेलं तिच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

कुणी रडली तर घाई करू नका, पाणी द्या, थांबायचं का विचारा, तिच्या ओळखीची बाई शेजारी बसू दे. पण एक लक्षात ठेवा, आपण डॉक्टर नाही, फिल्म म्हणजे उपचार नाही. झोप उडालीय, जीव नकोसा झालाय असं कुणी बोललं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात कोणाकडे न्यायचं हे वर्कशॉपच्या आधीच जाऊन विचारून ठेवा.

आता शूटिंग. मी आवाज आधी रेकॉर्ड करायला सांगते, दोन-तीन मिनिटांची गोष्ट तिच्याच बोलीत. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद, इअरफोनचा माइक छातीजवळ, आणि पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून गोधड्या असलेल्या खोलीत बसा. मग त्या आवाजावर चित्रं शोधायची, हात, रस्ता, भिंतीवरचा जुना फोटो, बैलगाडी. चेहरा लागतच नाही! हे फार महत्त्वाचं आहे, कारण उचल फिटलेली नसते आणि मुकादमाचं नाव फिल्ममध्ये आलं तर त्याचा त्रास तिला होणार, तुम्हाला नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, लहान मुलांच्या बाबतीत तर पॉक्सो कायदा लागतो, हे सगळ्यांना नीट समजावून सांगा. बाकी टेक्निकल फार नाही, लेन्स पदराने पुसा, मोबाइल आडवा धरा, शॉट दहा सेकंद तरी हलू देऊ नका, जिला शूट करताय तिच्या पाठीमागून उजेड नको.

एडिटिंग मोबाइलवरच करा, काइनमास्टर किंवा व्हीएन अ‍ॅप चालतं. पण बोट तिचं पाहिजे. तुम्ही शेजारी बसून बटण दाखवा, कट तिने मारायचा, वेळ लागला तरी. वर्षभर टोळी कधी निघणार, पहाटे किती वाजता फडात (उसाच्या शेतात) उतरायचं, हे सगळं दुसरा ठरवतो, इथे काय ठेवायचं काय काढायचं हे ती ठरवते आणि माझ्या मते मन हलकं होतं ते याने, नुसतं बोलून नाही. म्हणून "मी पटकन करून देतो" म्हणणारा हौशी एडिटर टीममध्ये घेऊ नका.

परवानगी तीनदा घ्या, शूटिंगआधी, एडिट झाल्यावर, दाखवायच्या आधी. एका अंगठ्यावर भागत नाही. शेवटच्या क्षणी नको म्हणाली तर नको, डोनरला काय सांगायचं ते तुम्ही बघा. पहिला शो समाजमंदिरात, भिंतीवर पांढरी चादर लावून, आणि बोलवायचं कोणाला ते तीच सांगणार. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं का हा नंतरचा विषय.

फिल्म आणि कच्चं फुटेज मेमरी कार्डवर तिच्या हातात द्या आणि ज्यांनी नाही म्हटलंय त्यांचं तुमच्या लॅपटॉपमधून तिच्यासमोर डिलीट करा. टोळ्या निघायच्या आधी परत एकदा भेटा, ज्यांना फडावर शूट करायचंय त्यांना पॉवर बँक द्या, कोप्यांवर लाइटचा भरवसा नसतो.