बीएक्सच्या मागे कुठले गोळे चालतात?

ल्योंमध्ये वापरत असलेली माझी जुनी सिट्रोएन बीएक्स मागून बैलगाडीसारखी आदळू लागली. हिच्यात स्प्रिंगांच्या जागी सस्पेन्शनचे धातूचे गोळे असतात; त्यांतला नायट्रोजन उतरला होता. भंगारवाल्याकडे स्टेशन वॅगनचे गोळे स्वस्तात होते. आटे तेच, त्यामुळे बसतात हो; पण दाब आणि डँपरचं भोक व्हर्जननुसार बदलतं. म्हणून साध्या बीएक्सचेच नवे घेतले.

गाडी पूर्ण खाली बसवली, तेलाचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचा स्क्रू एक फेरा सैल करून दाब सोडला. जुने साखळी-पान्याने काढले. नवी रबर रिंग एलएचएममध्ये (सस्पेन्शनचं तेल) बुडवून नवे गोळे नुसत्या हाताने आवळले, तेवढं पुरतं. सिट्रोएनच्याच सी-५ गाडीचे मात्र कुणी फुकट दिले तरी घेऊ नका: तिच्यात नारिंगी एलडीएस तेल, आपल्यात हिरवं एलएचएम, रबरच वेगळं.