घरी शिकणाऱ्या मुलाचे वर्षअखेरचे मूल्यमापन : तयारी कशी करावी

वर्षअखेरचे मूल्यमापन जवळ आले की घरीच मुलांना शिकवणाऱ्या बहुतेक पालकांना परीक्षा आल्यासारखे वाटते, आणि ती परीक्षा मुलापेक्षा आपलीच अधिक आहे अशी धास्ती असते. वास्तविक मूल्यमापन करणारे शिक्षक मोजक्याच प्रश्नांची उत्तरे शोधत असतात : वर्षाच्या आरंभी मूल कुठे होते, आज ते कुठे आहे आणि त्याने कापलेले अंतर त्याच्या वयाला व कुवतीला साजेसे आहे का. हे अंतर स्पष्ट दिसेल असा पुरावा गोळा करणे हेच तयारीचे मुख्य काम आहे. फाईल देखणी असणे हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होय.

आरंभ नियम वाचण्यापासून करावा, आणि तो मूळ मजकुरातूनच वाचावा, कारण ओळखीच्या कुटुंबाने सांगितलेला नियम अनेकदा दुसऱ्या राज्याचा किंवा बदलापूर्वीचा निघतो. अमेरिकेतच एका राज्याचे नियम दुसऱ्या राज्याच्या नियमांशी जुळत नाहीत. फ्लोरिडात शिक्षकाकडून मूल्यमापन हा अनेक पर्यायांपैकी एक आहे. तो निवडल्यास राज्याचे वैध प्रमाणपत्र असलेला शिक्षक पालकांनीच शोधायचा असतो, तो शिक्षक पोर्टफोलिओ (मुलाच्या वर्षभरातील कामाचे नमुने व नोंदी यांची फाईल) पाहतो व मुलाशी चर्चा करतो, आणि पोर्टफोलिओ २ वर्षे जपून ठेवावा लागतो. पेनसिल्व्हेनियात मुलाची मुलाखत व पोर्टफोलिओची तपासणी या दोन्हींच्या आधारे लेखी प्रमाणपत्र दिले जाते, आणि ते ३० जूनपर्यंत स्थानिक शालेय विभागाच्या अधीक्षकांकडे द्यावे लागते. तिसरी, पाचवी व आठवी या इयत्तांत त्याखेरीज प्रमाणित चाचणीही (सर्व मुलांसाठी एकाच स्वरूपाची व एकाच पद्धतीने तपासली जाणारी परीक्षा) द्यावी लागते. आपण जिथे राहतो तिथे मूल्यमापन कोण करू शकतो, त्याने काय पाहणे बंधनकारक आहे, अहवाल कोणाकडे व केव्हापर्यंत द्यायचा आणि कागदपत्रे किती काळ ठेवायची, ही चार उत्तरे एका कागदावर लिहून घ्यावीत. जिथे असा नियमच नाही आणि कुटुंब स्वेच्छेने शिक्षकाचे मत घेते, तिथे तारीख आपणच ठरवावी; नाही तर मूल्यमापन पुढे ढकलले जात राहते.

शिक्षकांशी संपर्क अंतिम मुदतीच्या किमान दोन महिने आधी साधावा. भेट किती वेळाची असेल, ती समोरासमोर होईल की व्हिडिओवर, ते मुलाकडून वाचून घेतात का, एखादे गणित सोडवून घेतात का, की केवळ गप्पा मारतात, हे आधीच विचारावे. घरच्या शिक्षणाचा त्यांना परिचय आहे का, हेही संकोच न करता विचारावे, कारण केवळ वर्गातील शिक्षणाची सवय असलेल्या शिक्षकाला पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने न चाललेले वर्ष विस्कळीत वाटण्याची शक्यता असते. मूल अनोळखी व्यक्तीसमोर बोलत नसेल, अडखळत बोलत असेल, किंवा त्याला वाचन-अक्षमता असेल, तर ते भेटीच्या वेळी कानात सांगण्याऐवजी आधीच लेखी कळवावे.

आता पोर्टफोलिओ. यात पालकांची नेहमीची चूक म्हणजे वर्षभरातील सर्वोत्तम कामच तेवढे निवडणे. उत्तम पानांची चळत पाहून मूल हुशार आहे एवढे कळते, ते पुढे सरकले का हे मात्र कळत नाही. त्यासाठी प्रत्येक विषयातून तीन नमुने घ्यावेत : एक आरंभीचा, एक मधला आणि एक अखेरचा, आणि ते शक्य तेवढे एकाच प्रकारच्या कामाचे असावेत. गणितात सुरुवातीच्या पानावर १/२ + १/३ = २/५ असे उत्तर असेल, म्हणजे मुलाने वरचे आकडे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवले असतील, तर ते पान लपवू नये. सहा महिन्यांनंतरच्या पानावर त्याने छेद समान करून ५/६ हे उत्तर काढलेले असले, तर ही दोन पाने शेजारी ठेवताच पालकांना वेगळे काही सांगावे लागत नाही. लेखनातही तसेच : आरंभीचे चार वाक्यांचे वर्णन आणि अखेरचे परिच्छेद पाडून लिहिलेले वर्णन, दोन्ही मुलाच्याच हस्ताक्षरात व मूळ चुकांसह असावीत. पालकांनी शुद्ध करून पुन्हा उतरवून घेतलेला निबंध शिक्षकांच्या लगेच लक्षात येतो आणि मग उरलेल्या पानांविषयीही शंका उभी राहते. एखाद्या कामात मदत केली असेल, तर कोपऱ्यात ‘शब्दलेखन आईने तपासले’ अशी साधी नोंद करणे पुरेसे आहे.

वाचनाची प्रगती कागदावर नीट उतरत नाही. त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला व शेवटी मोठ्याने वाचलेल्या एखाद्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण ठेवावे; वाचलेल्या पुस्तकांची यादी द्यावी आणि तीत अर्धवट सोडलेली पुस्तकेही लिहावीत, कारण ‘का सोडले?’ या प्रश्नावर मुले मोकळेपणाने बोलतात असा अनेकांचा अनुभव आहे. विज्ञानात बियाणे रुजवल्याची रोजची नोंद, चुकलेल्या अंदाजासह, छापील प्रश्नावलीपेक्षा अधिक बोलकी ठरते. खेळ, संगीत, सुतारकाम, सहल यांची छायाचित्रे थोडीच ठेवावीत, आणि प्रत्येकाखाली तारीख व त्यातून मूल काय शिकले याच्या दोन ओळी असाव्यात.

तारीख प्रत्येक पानावर हवीच. वर्षभर नोंदी ठेवल्या नसतील, तर शेवटच्या आठवड्यात बसून काल्पनिक दैनंदिनी लिहून काढण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. फोनमधील छायाचित्रांच्या तारखा, ग्रंथालयाच्या नोंदी, शिकवणीचे संदेश आणि वह्यांचा क्रम यांवरून बरेच काही पुन्हा जुळवता येते. अशा नोंदींपुढे ‘अंदाजे’ असे लिहावे.

या पुराव्यासोबत पालकांनी स्वतः लिहिलेले एक पान जोडावे. त्यात प्रत्येक विषयासाठी दोन-तीन वाक्ये असावीत : काय शिकवले, कशाच्या आधारे शिकवले आणि काय राहिले. ‘प्रगती समाधानकारक आहे’ या वाक्यातून शिक्षकांना काहीच मिळत नाही. ‘तीन अंकी गुणाकार स्वतंत्रपणे करतो, भागाकारात बाकी उरली की गोंधळतो’ या वाक्यातून पुढचा प्रश्न लगेच सुचतो. राहून गेलेल्या गोष्टी आपणच लिहिल्याने बाजू कमकुवत होत नाही, कारण अनुभवी शिक्षकांना त्या पाचव्या मिनिटाला दिसणारच असतात.

मुलाची तयारी हा नाजूक भाग आहे. उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. पाठ केलेले उत्तर पहिल्या उपप्रश्नालाच कोलमडते. त्याऐवजी भेटीच्या आठवड्यात फाईल मुलासोबत एकदा चाळावी आणि आपल्याला दाखवावीशी वाटणारी दोन कामे त्याला निवडू द्यावीत. त्याची निवड आपल्याला पटली नाही तरी ती राहू द्यावी. कोण भेटणार आहे, किती वेळ लागेल आणि ‘मला माहीत नाही’ असे म्हटले तरी चालते, एवढे त्याला सांगितले की पुरे. लहान मुलांना ही भेट म्हणजे आपले काम दाखवण्याची संधी आहे असे सांगावे; मोठ्या मुलांनी मात्र वर्षातील सर्वांत कठीण वाटलेला विषय आणि पुढील वर्षाची आपली इच्छा यांवर आधी थोडा विचार करून यावा.

भेटीच्या दिवशी विषयवार खुणा लावलेली फाईल, चालू वह्या आणि मागील वर्षाचा अहवाल सोबत असावा. सर्वांत अवघड काम पालकांचे असते, ते म्हणजे गप्प बसणे. मूल उत्तर शोधत असताना पाच-सहा सेकंदांची शांतता आपल्याला असह्य होते, आणि आपण उत्तराचा पहिला शब्द सुचवून टाकतो. तेवढ्याने शिक्षकांना मुलाचे ज्ञान तपासता येत नाही. आपल्या शंका अखेरच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवाव्यात आणि त्या नेमक्या असाव्यात : अमुक विषयात या वयाच्या मुलांकडून साधारण काय अपेक्षित असते, आणि पुढील तीन महिन्यांत कशावर भर द्यावा.

अहवाल हाती आल्यावर मुलाचे नाव, मूल्यमापनाची तारीख, शिक्षकांची सही आणि आवश्यक असल्यास त्यांचा प्रमाणपत्र क्रमांक तपासून पाहावा, प्रत काढून ठेवावी आणि मूळ अहवाल मुदतीच्या आत देऊन पोच घ्यावी. प्रगती अपुरी ठरली तरी घरचे शिक्षण तिथेच थांबते असे सर्वत्र नसते. फ्लोरिडात अशा वेळी लेखी सूचना मिळाल्यापासून पूरक शिक्षणासाठी १ वर्षाची मुदत मिळते. शिक्षकांनी सुचवलेल्या सुधारणा त्याच आठवड्यात नव्या फाईलच्या पहिल्या पानावर उतरवून घ्याव्यात, आणि मुलाकडून लेखनाचे एक पान व गणिताचे एक पान करवून घेऊन, तारीख टाकून, त्याच्यामागे लावावे. पुढील मूल्यमापनासाठी आरंभीचे नमुने तेच असतील.