ब्रिटनमध्ये नवीन आहात? क्लबकार्ड घ्या, पण दुकान कार्डावरून निवडू नका

टेस्को आणि सेन्सबरी ही इथली मोठी सुपरमार्केट. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात टेस्कोचं क्लबकार्ड आणि सेन्सबरीचं नेक्टर, ही दोन्ही अ‍ॅप फोनमध्ये घ्या. फुकट आहेत. नाव, ईमेल आणि पत्ता दिला की झालं. खोली तात्पुरती असली तरी चालते, पत्ता नंतर बदलता येतो. "आधी नीट स्थिरस्थावर होऊ, मग बघू" असं म्हणत महिनोन्‌महिने जास्त पैसे भरणारी कितीतरी मुलं मी हॅरो आणि हाउन्स्लोमध्ये पाहिली आहेत. पगार चांगला असलेले तर "एवढ्याशा पैशांनी काय होतंय" म्हणून कार्ड काढतच नाहीत. पैसे कष्टाचे आहेत, ते कारण नसताना दुकानाला देऊ नका.

पण कार्डाने नेमकं काय वाचतं, हे समजून घ्या. कार्डाचा भाव आणि कार्डाचे पॉइंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडचे बहुतेक लोक त्या एकत्र करतात.

आधी भाव, म्हणजे कार्ड दाखवणाऱ्यालाच मिळणारी कमी किंमत. भारतात पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि सूट त्या आकड्यावरून मोजायची आपल्या डोळ्यांना सवय असते. डीमार्टमध्ये एमआरपी आणि दुकानाचा भाव शेजारी शेजारी दिसतात आणि तो कमी भाव दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला मिळतो, कार्ड लागत नाही. ब्रिटनमध्ये एमआरपी नाही. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात काही पाकिटांवर किंमत छापलेली दिसेल, पण सुपरमार्केटमध्ये नेहमीचा भाव दुकानच ठरवतं आणि कार्डाचा भावही दुकानच ठरवतं. म्हणून फळीवर दोन आकडे दिसले की त्यातला मोठा आकडा म्हणजे वस्तूची खरी किंमत, असं धरून चालू नका.

मग ही सूट खोटी आहे का? नाही. इथल्या स्पर्धा नियामकाने, म्हणजे सीएमएने, पाच सुपरमार्केटमधल्या कार्डाच्या भावातल्या सुमारे ५० हजार वस्तू तपासल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. ९२ टक्के वस्तूंवर त्याच दुकानाच्या नेहमीच्या भावापेक्षा खरी बचत होती. या वस्तू कार्डाशिवाय घेण्यापेक्षा कार्डावर घेतल्या तर सरासरी १७ ते २५ टक्के वाचत होते. पण हीच वस्तू दुसऱ्या दुकानात आणखी स्वस्त मिळू शकते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी नव्या मुलांना कायम हाच दुसरा भाग सांगते, कारण पहिला भाग दुकानाच्या पिवळ्या पाट्या सांगतातच.

थोडक्यात, टेस्कोत पाऊल टाकलंच असेल तर कार्ड दाखवल्याशिवाय बाहेर पडू नका. दुपारच्या मील डीलचंच बघा. २०२४ मध्ये तेच सँडविच, चिप्स आणि पेय कार्डावर ३.६० पौंडांना होतं आणि कार्डाशिवाय ४ पौंडांना. रोज बाहेर खाणाऱ्याला हा फरक महिन्याअखेरीस जाणवतो. पण कार्ड आहे म्हणून टेस्कोत जाऊ नका.

आता पॉइंट. इथे गणित मांडायलाच हवं. क्लबकार्डावर १ पौंडाला १ पॉइंट आणि १०० पॉइंटांचा १ पौंड, म्हणजे १ टक्का. नेक्टरवर सेन्सबरीत १ पौंडाला १ पॉइंट, पण १ पौंड मिळायला २०० पॉइंट लागतात, म्हणजे अर्धा टक्का. आठवड्याला ४० पौंडांचा किराणा भरणाऱ्या माणसाचा वर्षाचा खर्च २,०८० पौंड होतो. त्यावर टेस्को देईल २० पौंड ८० पेन्स आणि सेन्सबरी १० पौंड ४० पेन्स. वर्षभराच्या निष्ठेचा हा मोबदला! क्लबकार्डचे पॉइंट व्हाउचरच्या रूपात मिळतात आणि ती पिझ्झा एक्सप्रेससारख्या ठिकाणी वापरली तर दुप्पट किमतीची होतात. जून २०२३ पर्यंत ती तिप्पट व्हायची, मग टेस्कोने ते प्रमाण खाली आणलं. बूट्स या औषधांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानानेही त्याच वर्षी पौंडामागचे ४ पॉइंट ३ वर आणले. नियम दुकानाचे, बदलणारं दुकान आणि आपल्याला कळतं ते ईमेलवरून. अशा गोष्टीवर महिन्याचं बजेट बसवायचं नसतं.

आपल्या लोकांचं एक निरीक्षण मनापासून सांगते. हिशेबात आपण पक्के आहोत, पण पॉइंट दिसले की तो हिशेब सुटतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी "अमुक इतक्या पौंडांच्या खरेदीवर जादा पॉइंट" असं टाकतं आणि २५ पौंडांचं सामान हवं असलेलं घर ४० पौंडांचं सामान घेऊन येतं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

खरी बचत दुकान निवडण्यात आहे. ऑल्डी या स्वस्त सुपरमार्केटकडे असं कार्डच नाही, तरी व्हिच? या ग्राहक संस्थेच्या दर महिन्याच्या भावतुलनेत बहुतेक वेळा तेच सर्वांत स्वस्त ठरतं. लिडलही जवळपास तिथेच. दूध, अंडी, कांदे, बटाटे, पाव तिथून आणा. तूरडाळ, पोहे, रवा, साबुदाणा, मसाले वेम्बलीच्या ईलिंग रोडवर किंवा साउथॉलला. लेस्टरला असाल तर बेलग्रेव्ह रोडवर. तिथे पॉइंट नाहीत, पण मोठ्या पिशव्या आहेत. कणकेची १० किलोची पिशवी मात्र टेस्को-सेन्सबरीतही कधी कधी कार्डाच्या भावात लागते, तेवढी नजर ठेवा.

आणि फळीवरच्या पट्टीतला बारीक आकडा वाचायला शिका. १०० ग्रॅमला किंवा किलोला किती पडतात, ते तिथे लिहिलेलं असतं. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त नसतं आणि कार्डाच्या भावातलं नावाजलेलं ब्रँड दुकानाच्या स्वतःच्या साध्या मालापेक्षा बहुधा महागच असतं. क्लबकार्डच्या भावाखाली हा आकडा टेस्को पूर्वी देत नव्हतं. व्हिच? आणि सीएमएने विषय लावून धरला, तेव्हा तो आला. या देशाची मला आवडणारी गोष्ट हीच आहे: ग्राहकाने रीतसर तक्रार केली तर तिचा पाठपुरावा होतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका: स्टोअर कार्ड म्हणजे क्लबकार्ड नव्हे. कपड्यांच्या दुकानात पैसे भरताना कुणीतरी गोड आवाजात विचारतं, "आमचं कार्ड घेता का? आजच्या खरेदीवर सूट मिळेल." हे कार्ड म्हणजे कर्ज आहे, तेही साध्या क्रेडिट कार्डापेक्षा बहुधा महाग. आमच्या ओळखीतली पुण्याची एक मुलगी हिवाळ्याचा कोट घ्यायला गेली आणि पॉइंटांचं कार्ड समजून सही करून आली. २४ पौंड वाचले. पुढे तिने खोली बदलली, बिलं जुन्या पत्त्यावर जात राहिली, हप्ते चुकले. प्रत्येक चुकीला १२ पौंड दंड, वर व्याज. पैसे तिने कळताच भरले, पण चुकलेल्या हप्त्याची नोंद क्रेडिट फाइलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींवर, ६ वर्षं राहते. त्यानंतर तिला फोनचं कॉन्ट्रॅक्टसुद्धा नाकारलं गेलं. नव्या देशात आपली पत मुळात कोरी असते आणि त्यावरची पहिलीच ओळ ही अशी.

ओळखायचं कसं? पॉइंटांचं कार्ड तुमचा पगार विचारत नाही, नोकरी विचारत नाही, बँकेचा तपशील मागत नाही. फॉर्मवर "एपीआर" (कर्जाचा वार्षिक दर) ही तीन अक्षरं किंवा "क्रेडिट चेक" (तुमची पत तपासणं) दिसलं की पेन खाली ठेवा. मागे रांग असली तरी ठेवा. अर्ज नाकारला गेला तरी तो केल्याची नोंद फाइलवर उरते, म्हणून "करून तर बघू" हेही नको.

खरेदीची माहिती दुकानाकडे जाते, हे खरं आहे. १९९५ साली क्लबकार्ड सुरू झालं ते त्याच माहितीसाठी. ज्यांना ते पटत नाही त्यांनी कार्ड न घेता ऑल्डीत जावं, नुकसान होणार नाही.

क्लबकार्डची व्हाउचर फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात, तीही १५० पॉइंट झाल्यावरच, आणि दोन वर्षांत संपतात. शिक्षण संपवून भारतात परतणार असाल तर शेवटच्या महिन्यात अ‍ॅप उघडून जी असतील ती रोजच्या किराण्यावरच वापरून टाका.